घरची बादली आणि सरकारचा कायदा

छत्रपती संभाजीनगरच्या जालना रस्त्यावरील क्रांती चौकाचे नाव १८५७ च्या उठावाची आठवण सांगते. त्या वर्षी औरंगाबादच्या छावणीतील ज्या घोडेस्वारांनी इंग्रजांविरुद्ध मान वर केली, त्यांपैकी काहींना देहान्ताची शिक्षा झाली. जवळचा काळा चबुतरा त्याच स्मृतीशी जोडलेला आहे. शहरात मोर्चा निघावयाचा तो आजही बहुधा याच चौकातून. ९ ऑगस्ट २०१६ रोजी मराठा समाजाचा पहिला मूक मोर्चा येथूनच निघाला. त्या मोर्च्यांची एक गोष्ट पुष्कळांच्या स्मरणात असेल. घोषणा नाहीत, आरडाओरडा नाही, आणि मागून तरुण स्वयंसेवक रस्त्यावरील कागद व पाण्याच्या बाटल्या वेचीत चाललेले.

त्याच वर्षी ८ एप्रिल रोजी केंद्र सरकारने घनकचऱ्याचे नवे नियम जारी केले होते. परवाना नसलेल्या जागी शंभरांहून अधिक माणसे जमवावयाची असल्यास निदान तीन कामकाजाचे दिवस आधी स्थानिक संस्थेस कळवावे व तेथील कचरा वेगवेगळा करून द्यावा, असे त्यांत एक कलम होते. वेचणाऱ्या तरुणांपैकी किती जणांनी ते वाचले असेल? बहुधा एकानेही नाही. कायदा राजपत्रातच राहिला आणि त्याचे पालन मात्र रस्त्यावर झाले. एरवी घडते ते याच्या नेमके उलट.

कारखान्याच्या घातक कचऱ्यावर सरकारची नजर किती कडक असते, हे पाहण्यासारखे आहे. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळला विषारी वायूने हजारो माणसे मारली, तेव्हा देशाचे डोळे उघडले. १९८६ साली पर्यावरण संरक्षण कायदा झाला आणि १९८९ साली घातक कचऱ्याचे पहिले नियम आले. पुढे ते बदलत गेले. २०१६ च्या नियमांप्रमाणे वाळूजच्या एखाद्या कारखान्यातून विषारी गाळाचे पिंप बाहेर निघावयाचे, तर आधी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची अनुमती हवी. पिंपावर चिठ्ठी हवी. नव्वद दिवसांहून अधिक काळ ते आवारात ठेवता कामा नये. पिंपाबरोबर एक पत्रक जाते. त्याच्या सात प्रती, सात निरनिराळ्या रंगांच्या. पाठविणारा, नेणारा, घेणारा अशा प्रत्येकाने त्यावर सही करावयाची, म्हणजे वाटेत पिंप ओढ्यात ओतले गेले तर चोरी उघडी पडावी. रांजणगाव, तळोजे, बुटीबोरी येथे अशा कचऱ्याची विल्हेवाट लावण्याची केंद्रे आहेत. या व्यवस्थेत लबाडी होतच नाही असे कोणी म्हणणार नाही. पण निदान पिंपाला जन्मपत्रिका असते.

घरच्या बादलीला ती नाही. अल्मित्रा पटेल यांनी १९९६ साली सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली, त्यानंतर कोठे २००० साली शहरी कचऱ्याचे नियम झाले. त्यांत स्पष्ट म्हटले होते की, जो कचरा कुजत नाही व ज्याचा पुनः उपयोग होत नाही, तेवढाच जमिनीत पुरावा; बाकीच्यासाठी ३१ डिसेंबर २००३ पर्यंत प्रक्रिया केंद्रे उभारावी. ती तारीख आली आणि गेली. औरंगाबादचा सगळा कचरा, ओला, सुका, काच, औषधे, एकत्र कालवून नारेगावच्या डेपोवर जात राहिला. तीस वर्षांहून अधिक काळ हे चालले. ढिगाचा डोंगर झाला, तो पेटत राहिला, धूर नारेगाव-मांडकीच्या घरांत शिरला, विहिरींच्या पाण्याला वास आला. शहरवासीयांना यातले काही दिसत नसे; त्यांच्या दारातून बादली रिकामी होऊन परत येत असे, एवढेच त्यांना ठाऊक.

१६ फेब्रुवारी २०१८ रोजी गावकऱ्यांनी गाड्या अडविल्या. शहरात रोज चारशे टनांहून अधिक कचरा निघत होता, तो रस्त्यांच्या कडेला साचू लागला. महापालिका नव्या जागेच्या शोधात निघाली. ७ मार्च रोजी मिटमिट्यास गाड्या नेण्यावरून दगडफेक झाली, लाठ्या चालल्या, वाहने जळाली. मिटमिट्याचे लोक आडमुठे होते असे शहरात पुष्कळजण म्हणाले. परंतु शेजारी दुसरे नारेगाव होऊ नये, एवढेच ते मागत होते. आणि असे म्हणणाऱ्यांपैकी एकानेही आपल्या अंगणात ढीग घ्यावयाची तयारी दाखविली नव्हती. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने नारेगावला कचरा टाकण्यास मनाई केली. शासनाने निधी दिला, पंचसूत्री कार्यक्रम आखून दिला, आणि पुढे चिकलठाणा, पडेगाव व कांचनवाडी येथे प्रक्रिया केंद्रे उभी राहिली. जे २००३ साली व्हावयाचे, ते गावकऱ्यांनी रस्ता रोखल्यावर झाले.

पण केंद्र म्हणजे काही जादूची पेटी नव्हे. कांचनवाडीत ओल्या कचऱ्यापासून वायू करतात. त्यासाठी भाजीची देठे आणि उष्टे अन्न हवे. त्यात प्लास्टिकची पिशवी आली की यंत्र तुंबते. खतात काचेचा चुरा आला तर शेतकरी ते वावरात का टाकील? म्हणून २०१६ च्या नियमांनी घरातच तीन भाग करावयास सांगितले होते : ओला, सुका आणि घरगुती घातक. या तिसऱ्या भागाकडे कोणाचे लक्षच गेले नाही. फुटलेल्या तापमापकातला पारा, मुदत संपलेली औषधे, जळक्या नळ्या, विजेरीचे सेल, मधुमेहाच्या सुया हे सर्व त्यात येते. कारखान्यातून हाच पारा टाकाऊ म्हणून निघाला असता, तर त्याच्याबरोबर सातरंगी पत्रके गेली असती. स्वयंपाकघरातून तो कांद्याच्या सालींबरोबर जातो.

दंड करण्याचा अधिकार महापालिकेला आहे. पण प्रत्येक ओट्यापाशी निरीक्षक कोण उभा करणार? सरकारचा हात उंबऱ्यापर्यंत पोचतो. त्याच्या आत घरच्या माणसाचेच राज्य.

सकाळी क्रांती चौकालगतच्या एखाद्या गल्लीत घंटागाडी येते. वरच्या मजल्यावरून एकच बादली खाली येते. गाडीवरचा कामगार ती ओतून घेतो, आणि गाडी पुढे सरकेपर्यंत उघड्या हातांनी काच बाजूला काढीत बसतो.