जकात, खैरात आणि आपलं देणं



‘जकात’ म्हटलं की आपल्या घरी रमजान आठवतो. लालबाग-परळच्या टेम्पोवाल्याला मात्र दहिसर किंवा मुलुंडचा जकात नाका आठवतो. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि मुंबईतली ती जकात बंद झाली. पण शब्द एकच. मूळ अरबी शब्दात वाढणं आणि शुद्ध होणं, असे दोन्ही अर्थ आहेत. त्यातून धर्मात ऐपतदाराने दरवर्षी बचतीचा चाळिसावा हिस्सा देण्याचं बंधन आलं आणि मराठी राज्यकारभारात मालावरचा कर.

मला यात एक शिकवण दिसते. नाक्यावर पैसे भरणाऱ्या टेम्पोवाल्याला आपण पालिकेवर उपकार करतोय असं कधी वाटलं नाही. देणं होतं, त्याने दिलं. मग रमजानमध्ये रेशनचं किट देताना आपल्याला कॅमेरा का लागतो? किट घेणाऱ्या बाईने मान वर करून फोटोत का बघायचं?

दुसरा शब्द सदका. त्याचं मूळ ‘सिदक’, म्हणजे खरेपणा. सादिक, सिद्दीक ही नावं त्यातलीच. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या साबू सिद्दीक मुसाफिरखान्याच्या पाटीवरही ते मूळ आहे. मनातला खरेपणा हातातून दिसावा, तो सदका. आपण मात्र पुष्कळदा तो नजर उतरवण्यापुरता ठेवलाय.

तिसरा, खैरात. ‘आता तुझी खैर नाही’ म्हणतो ना, त्यातली खैर म्हणजे भलं. खैरात म्हणजे भल्या गोष्टी. आज ‘सवलतींची खैरात’ म्हणताना मराठीत त्याला तुच्छतेचा वास येतो. शब्द वाईट नव्हता. देणारा स्वतःला उंच समजू लागला, की देण्याचा शब्दही घसरतो.

कुरआनच्या सत्तराव्या सूरेत संपत्तीत मागणाऱ्याचा आणि वंचिताचा ठरलेला हिस्सा सांगितलाय. तिथे शब्द आहे ‘हक’. तोच आपला मराठी हक्क. आणि मराठीत ‘देणं’ म्हणजे नुसती देण्याची क्रिया नाही, कर्जसुद्धा. ‘मी समाजाचं देणं लागतो’ असं आपण सहज म्हणतो. अरबी घेणाऱ्याच्या बाजूने हक्क म्हणते, मराठी देणाऱ्याच्या बाजूने कर्ज म्हणते. हिशेब एकच आहे. कर्ज फेडणारा सावकारासारखा वागत नाही.

जकातीच्या आठ हकदारांमध्ये कर्जबाजारी आहे, मुसाफिरही आहे. परळला टाटा हॉस्पिटलबाहेरच्या फुटपाथवर पेशंटचे नातेवाईक झोपलेले असतात. गाव सोडून आलेले, पुष्कळदा कर्ज काढून. त्यांच्यातले कितीतरी एकाच वेळी दोन्ही असतात. तिथे जाल तेव्हा आधी विचारा, काय हवंय? जेवण, औषध, की परतीचं तिकीट? सदका देताना धर्म विचारायचं कारण नाही. आणि मोबाइल खिशातच राहू द्या.