कुंडावरच्या बोअरबद्दल ग्रामसभेत बोललेलं



मागच्या आठवड्यात गरम पाण्याच्या कुंडाच्या वरच्या अंगाला गाडी आली होती. माणसं दगड फोडून पिशवीत भरत होती. विचारलं तर म्हणाले, जमिनीतल्या उष्णतेवर वीज करायची आहे, धूर नाही, कोळसा नाही. धूर नाही हे खरंच आहे. मी त्या विजेच्या विरोधात नाही. पण धूर नाही म्हणजे धोका नाही, असं कुणी सांगितलं?

कुठं खाली गरम पाणी असतंच, ते बोअरने वर काढून वाफेवर चाक फिरवतात. कुठं नुसता तापलेला खडक असतो. तिथं एका बोअरमधून दाबाने पाणी कोंबून खडक चिरतात आणि तापलेलं पाणी दुसऱ्या बोअरमधून घेतात. दक्षिण कोरियात पोहांगला असंच ४ किलोमीटरपेक्षा खोल बोअर मारून पाणी कोंबलं. २०१७ च्या एप्रिलमध्ये ३ च्या वरचा धक्का बसला. तिथंच थांबायचं ना? नाही, पुन्हा कोंबलं. १५ नोव्हेंबरला ५.४ चा भूकंप झाला. शंभरावर माणसं जखमी झाली. त्या पाण्यानेच हा भूकंप सुरू झाला, असं २०१९ ला सरकारने नेमलेल्या तज्ज्ञांनीच सांगितलं. स्वित्झर्लंडात बाझलला २००६ साली ३.४ चा धक्का बसला, तिथं मात्र काम बंद झालं.

आपल्या डहाणू-तलासरीकडे २०१८ च्या नोव्हेंबरपासून धक्के बसले, ते बोअरमुळे नव्हते, खोटं बोलायला नको. पण ४.१ च्या धक्क्याला कुडाच्या घराचं काय होतं, थंडीत ताडपत्रीखाली लेकरं घेऊन झोपणं काय असतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

दुसरा धोका पाण्याचा. खोलातल्या गरम पाण्यात क्षार असतात, कुठं कुठं आर्सेनिकसुद्धा. लडाखला पुगा इथं २०२२ च्या ऑगस्टमध्ये बोअरमधलं पाणी फुटून नाल्यात गेलं. तो नाला सिंधूला मिळतो.

म्हणून पेसा आणि वनहक्क कायद्याने ग्रामसभेला जो अधिकार आहे, तो वापरून विचारायचं: वापरलेलं पाणी कुठं सोडणार? धक्के मोजायचं यंत्र कुणाच्या ताब्यात? किती आकड्याला काम थांबणार? उत्तर लेखी पाहिजे, मराठीत.

आणि काकू, उद्या विहिरीवर जाल तेव्हा आधी बाटल्या भरा. तिन्ही विहिरींचं आणि कुंडाचं पाणी, तारीख टाकून. बोअरच्या आधीची तपासणी आपल्याकडे नसेल तर ते म्हणतील, तुमचं पाणी असंच होतं.