मुलांच्या जबड्यांची वाढ व दंतचिकित्सा
(खडकवासला येथे भरलेल्या वार्षिक संमेलनातील व्याख्यान)



ज्या खडकवासल्यात आपण जमलो आहोत, तेथील जल व विद्युत संशोधन केंद्रात धरणांच्या व बंदरांच्या लहान प्रतिकृती करून पाण्याचा ओघ कसा वळेल, ह्याचा अंदाज बांधकामाच्या आधीच घेतात. दंतवैद्य मुलाच्या दातांच्या प्लॅस्टरच्या प्रतिकृती करतो, तोही अशाच हेतूने. मात्र मूल हे वाढते बांधकाम आहे. म्हणून त्याच्या बाबतीत मापाइतकेच वेळेलाही महत्त्व असते.

जन्मतः बालकाची कवटी मोठी व चेहरा लहान असतो. पुढे वाढ वरून खाली सरकते : आधी डोके, मग वरचा जबडा आणि सर्वांत शेवटी खालचा जबडा. म्हणून सातआठ वर्षांच्या मुलाची हनुवटी किंचित मागे दिसली, तर तेवढ्याने घाबरू नये.

‘दात पुढे आहेत’ असे आपण सरसकट म्हणतो. पण त्याची कारणे निरनिराळी असतात. वरचा जबडा पुढे असेल, खालचा मागे राहिला असेल, किंवा जबडे प्रमाणात असून केवळ दात झुकले असतील. बाहेरून चेहरे सारखे. उपचार मात्र भिन्न. हा निवाडा करण्यासाठी डोके ठरावीक स्थितीत ठेवून बाजूने क्ष-किरण चित्र घेण्याची पद्धत १९३१ साली अमेरिकेत ब्रॉडबेंट व जर्मनीत होफ्राट ह्यांनी प्रसिद्ध केली. स्टाइनर ह्यांनी १९५३ मध्ये मांडलेल्या मापांनुसार कवटीच्या तळरेषेशी वरच्या जबड्याचा कोन सुमारे ८२ अंश व खालच्याचा ८० अंश असतो. हे आकडे पाश्चात्त्य चेहऱ्यांवरून काढलेले आहेत. आपल्या मुलांना ते तंतोतंत लावणे योग्य नव्हे. जाणता वैद्य चेहरा, दात व चित्र ह्यांचा मेळ घालूनच निदान करतो.

आता मुख्य मुद्दा. आपल्या पुष्कळ घरांत मुलीच्या दातांचा विचार तिच्या लग्नाची बोलणी निघाली म्हणजे होतो. त्या वयातही तारेने दात सरकतात, हे खरे. परंतु जबड्याच्या वाढीला वळण देण्याची वेळ तोवर निघून गेलेली असते. दोष मोठा असल्यास शस्त्रक्रियेचाच विचार करावा लागतो. मुलींच्या वाढीचा जोर मुलग्यांपेक्षा सुमारे दोन वर्षे आधी, बहुधा दहा ते बारा ह्या वयात येतो. ज्या घरात मुलासाठी पैसा आधी निघतो व मुलीसाठी मागाहून, तेथे निसर्गाचा क्रम नेमका उलट आहे, हे ध्यानात ठेवावे. शिवाय हा प्रश्न केवळ रूपाचा नाही. चावणे, उच्चार आणि पडल्यास पुढचे दात फुटण्याचा धोका, हे सारे त्यात येते.

म्हणून माझी विनंती इतकीच : सातव्या वर्षाच्या सुमारास मुलगा असो वा मुलगी, प्रत्येकाची तपासणी करवून घ्यावी. अंगठा चोखणे, तोंडाने श्वास घेणे, दुधाच्या दाढा अकाली पडणे, ह्यांकडे दुर्लक्ष करू नये. तपासणी म्हणजे लगेच तार नव्हे. पुष्कळदा काही काळ वाट पाहणे हाच योग्य सल्ला असतो. धनकवडीस भारती विद्यापीठाचे दंत महाविद्यालय १९८९ पासून आहे. अशा महाविद्यालयांतील तपासणीचा खर्च सामान्य कुटुंबास बहुधा झेपतो.

मुलीच्या शिक्षणाची तरतूद आपण वेळेवर करू लागलो. तिच्या आरोग्याचीही तशीच करू या.