नातीचं नाव

घरात नात आली. सून म्हणाली, "अब्बा, शाळेत कुणाला परकं वाटणार नाही असं नाव सांगा." मला आमच्या बुलढाणा जिल्ह्यातलं सिंदखेड राजा आठवलं. १५९८ साली जिजाऊ जन्मल्या ते गाव. त्यांचे पती शहाजीराजे, धाकटे दीर शरीफजी. मालोजीराजांनी मुलांची ही नावं अहमदनगरच्या शाह शरीफ या पिरावरून ठेवली, असं सांगतात. 'शाह' फारसी, म्हणजे राजा. 'शरीफ' अरबी, म्हणजे थोर कुळातला. 'जी' मात्र आपला. चारशे वर्षं तोंडी बसलेलं 'शहाजी' आज कुणाला परकं वाटतं? आम्ही नातीचं नाव शरीफा ठेवलं. उद्या कुणी अर्थ विचारला, तर तिनं खुशाल जिजाऊंच्या दिराचं नाव सांगावं.