पांढरा पडदा
(हीरक महोत्सवानिमित्त एका माजी विद्यार्थ्याने केलेले भाषण)



सेक्टर 10 मधील आमच्या क्वार्टरच्या व्हरांड्यात बाबा रोज संध्याकाळी गाणी ऐकत बसत. पोलाद कारखान्यातून निवृत्त झाल्यावर काचबिंदूने त्यांची दृष्टी मंदावत गेली आणि हातातल्या आयपॉड नॅनोवरील अक्षरे दिसेनाशी झाली. म्हणून मी त्या यंत्रात ‘रॉकबॉक्स’ बसविले.

2001 च्या अखेरीस ब्योर्न स्टेनबर्ग, डॅनियल स्टेनबर्ग व लिनस निल्सन फेल्टसिंग या स्वीडिश मंडळींनी आर्कोसच्या जुकबॉक्ससाठी ही पर्यायी प्रणाली लिहावयास घेतली. तिची संहिता सर्वांस खुली आहे. शिवाय ती बोलते. यादीतील प्रत्येक नोंद ध्वनीतून ऐकू येते, आणि जगभरचे अनेक अंध श्रोते त्याच बळावर ती वापरतात.

पडद्याचे दुखणे मात्र निराळे. दुसऱ्या पिढीच्या नॅनोचा पडदा 176 गुणिले 132 बिंदूंचा. पण बाहेरून सारख्या दिसणाऱ्या यंत्रांत आत दोन निराळ्या जातींचे नियंत्रक असतात. एकाला कळणारी आज्ञावली दुसऱ्यास कळत नाही. माहितीपत्रक हाती नसताना स्वयंसेवकांनी मूळ प्रणालीची उकल करून हे ताडले, आणि प्रोसेसरच्या दोन खुंट्यांवरील संकेत वाचून जात ओळखण्याची युक्ती योजिली. या चिकाटीपुढे मी आजही नतमस्तक होतो.

माझी चूक त्याहून साधी होती. यंत्र लवकर सुरू व्हावे म्हणून मी पडदाचालकातील एक ‘थांबा’ गाळून टाकला. पुष्कळ नियंत्रकांना झोपेतून उठविल्यावर सुमारे 120 मिलिसेकंद उसंत द्यावी लागते. ती न मिळाल्याने पडदा कधी उजळे, कधी नुसता पांढरा राही. एकदा चालले की दुरुस्त झाले असे वाटे, आणि सकाळी पुन्हा तेच. चार रात्री मी रंगांचा क्रम, आज्ञांचे आकडे, सारे तपासले. गाळलेल्या ओळीकडे लक्षच गेले नाही.

घाबरत बाबांना सांगितले, ‘‘बाबा, तुमचे यंत्र मी बिघडवले.’’

ते हसले. ‘‘अरे, बोलते आहे की! पडदा तुला हवा आहे, मला नाही.’’ मग काय बदलले ते त्यांनी विचारले. मी वेळ वाचविल्याचे सांगताच म्हणाले, ‘‘नवी भट्टी आम्ही हळूहळू तापवत असू. घाई केली तर विटा तडकतात. तू कुठे घाई केलीस, ते बघ.’’

त्यांना संगणकाचा गंध नव्हता. मी खोलीत गेलो, जुनी संहिता शेजारी ठेवली आणि ओळीला ओळ ताडून पाहिली. ती ओळ परत लिहिल्यावर दहा वेळा यंत्र बंद करून सुरू केले. दहाही वेळा पडदा उजळला. तोवर बाहेर बाबांना झोप लागली होती. कानात गाणे चालूच होते.