इशारा कसा द्यावा?



संगणक आपल्या नजरेआड पुष्कळ कामे करीत असतो. त्यात काही बिघडले, तर त्याने आपल्याला कसे सांगावे? प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही.

२८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेतील थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात अपघात झाला. पहिल्या काही मिनिटांतच शंभराहून अधिक इशारे एकदम आले. त्यांतला महत्त्वाचा कोणता, हे कळेना. एक झडप उघडीच राहिली होती. फलकावरचा दिवा मात्र विझला, म्हणून ती मिटली असे सर्वांनी धरले. वास्तविक, मिटण्याचा हुकूम गेला, एवढाच त्या दिव्याचा अर्थ होता. हुकूम देणे आणि काम होणे यांतले अंतर पालकांना मी काय सांगावे!

१४ ऑगस्ट २००३ चा प्रकार उलटा. ओहायओतील एका वीज कंपनीत इशारे देणारी प्रणालीच दुपारी बंद पडली, आणि बराच वेळ कोणाला पत्ताही लागला नाही. पडदा शांत, म्हणून कर्मचारी निश्चिंत. दोनेक तासांत अमेरिका व कॅनडातील सुमारे ५ कोटी लोक अंधारात गेले.

विद्यार्थ्यांनो, उद्या तुम्ही अशी प्रणाली रचाल. इशारे मोजकेच ठेवा. तातडीचा इशारा माणसाने 'पाहिले' म्हणेपर्यंत पडद्यावरून हलू नये. बाकीचे मुकाट्याने नोंदवहीत जावेत. काय बिघडले आणि आता काय करावे, हे साध्या भाषेत लिहा. आणि इशारा देणारी प्रणाली चालू आहे ना, हे पाहणारी दुसरी प्रणाली वेगळ्या यंत्रावर ठेवा.