गाभडलेली गाय आणि घराचे आरोग्य



नांदेड जिल्ह्यातील कंधार आणि लातूर जिल्ह्यातील देवणी या गावांची नावे गोवंशाच्या दोन नामांकित जातींना लाभली आहेत. लोहा तालुक्यातील माळेगावी खंडोबाची यात्रा भरते, तेव्हा तेथील जनावरांच्या बाजारात लाल कंधारीचा डौल पाहावयास मिळतो. ज्या भागाचा संसार असा गोठ्याशी बांधलेला आहे, तेथे ब्रुसेलोसिस, म्हणजेच सांसर्गिक गर्भपात, या रोगाकडे दुर्लक्ष होणे परवडणारे नाही.

या रोगात गाय बहुधा पाचव्या महिन्यानंतर गाभडते. वार अडकते. पुढे ती लवकर गाभण राहत नाही. घरातील माणसे दैवाला किंवा कुणाच्या नजरेला दोष देतात. पुढच्या वेताला मात्र तीच गाय बहुधा दिवस भरून विते आणि रोग गेला असे सर्वांना वाटते. प्रत्यक्षात जंतू तिच्या शरीरात दडून असतात. विताना आणि दुधावाटे ते बाहेर पडत राहतात. म्हणूनच या रोगाचा प्रसार डोळ्यांना दिसतो त्याहून अधिक असतो. अशी गाय न सांगता बाजारात विकली, म्हणजे रोगही दुसऱ्याच्या दावणीला बांधला जातो.

हा रोग गोठ्यापुरता राहत नाही. माल्टा बेटावर ब्रिटिश सैनिक एका रेंगाळणाऱ्या तापाने आजारी पडत. १८८७ मध्ये डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरांनी त्याचे जंतू शोधले. मात्र ते निरोगी दिसणाऱ्या शेळ्यांच्या दुधातून येतात, हे १९०५ मध्ये थेमिस्टोक्लिस झमिट यांच्या तपासणीतून उघड झाले. सैनिकांच्या आहारातून ते दूध बंद होताच ताप ओसरला.

आपल्याकडे धारोष्ण दुधाची थोरवी सांगितली जाते. अडकलेली वार उघड्या हातांनी काढली जाते; गोठा झाडण्याचे काम बहुधा घरातील स्त्रियांकडे असते. हातावरील लहानशी जखमही जंतूंना पुरेशी होते. मग चढउतार होणारा ताप, रात्रीचा घाम, सांधेदुखी, कंबरदुखी आणि न सरणारा थकवा सुरू होतो. हिवताप किंवा विषमज्वर समजून उपचार होतात आणि महिने निघून जातात. यास्तव अशा रुग्णाने घरची गाय गाभडली असल्यास डॉक्टरांना आवर्जून सांगावे. योग्य औषधे साधारणपणे सहा आठवडे घ्यावी लागतात. ताप उतरताच ती सोडली, तर आजार उलटतो.

काही देशांनी बाधित जनावरे मारून हा रोग आटोक्यात आणला. महाराष्ट्रात २०१५ पासून संपूर्ण गोवंश हत्याबंदी लागू असल्याने तपासणी, विलगीकरण आणि लसीकरण हाच आपला मार्ग होय. सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात चार ते आठ महिने वयाच्या कालवडी व वगारी यांना ही लस दिली जाते. आयुष्यात एकदाच द्यावयाची ही लस गाभण जनावरांस व वळूंस देत नाहीत. ती जिवंत जंतूंची असल्याने पशुवैद्यकाकडूनच टोचून घ्यावी.

गाय गाभडल्यास तिला वेगळे बांधावे. गर्भ व वार हातमोजे घालून उचलावीत आणि खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावीत. ती कुत्र्यांपुढे टाकू नयेत. रक्ताची तपासणी करून घ्यावी. दूध उकळूनच वापरावे.

पंचायत सदस्यांवर येथे विशेष जबाबदारी येते. प्राण्यांतील सांसर्गिक रोगांविषयीच्या २००९ च्या केंद्रीय कायद्यानुसार अशा रोगाची शंका येताच मालकाने गावातील अधिकाऱ्यास किंवा ग्रामपंचायतीस कळवावयाचे असते. ती खबर पशुवैद्यकीय दवाखान्यापर्यंत त्याच दिवशी पोहोचावी. शिक्षकांनी मुलांना उकळलेल्या दुधाचे महत्त्व पटवावे. गाय गाभडणे ही लपविण्याची गोष्ट नाही. वेळीच सांगितलेली एक खबर शेजाऱ्याचा गोठा आणि स्वतःचे घर दोन्ही वाचवू शकते.